जॅकच्या मागे उभी

लॉन बाऊल्समध्ये चौघांच्या संघाच्या कर्णधाराला स्किप म्हणतात, आणि सामन्याचा बराचसा वेळ हा कर्णधार खेळतच नसतो. लीड, सेकंड आणि थर्ड हिरवळीच्या एका टोकाला मॅटपाशी. स्किप दुसऱ्या टोकाला, जॅकच्या म्हणजे लक्ष्याच्या छोट्या चेंडूच्या मागे. मधे तीसेक मीटर कातरलेलं गवत. तिघांचे दोन-दोन बाऊल टाकून होईपर्यंत स्किपने तिथं उभं राहायचं, हाताने खुणा करायच्या, कोण किती आखूड पडलं आणि कोण किती लांब गेलं ते दाखवायचं, आणि मग चालत मॅटवर येऊन शेवटचे दोन बाऊल टाकायचे. समोरच्या संघाचेही आठ. सोळा बाऊल झाले की एक एंड संपला. जॅकच्या सर्वांत जवळ ज्यांचा बाऊल, एंड त्यांचा. आणि समोरच्यांच्या सर्वांत जवळच्या बाऊलपेक्षा आपले जितके जवळ, तितके गुण. मग उलट दिशेने पुढचा एंड.

म्हणजे तिघांनी जे काही मांडून ठेवलं असेल ते निस्तरायला किंवा वाढवायला स्किपच्या हातात दोनच बाऊल. बाकीचा सगळा खेळ त्याने दुसऱ्यांच्या हातांनी खेळायचा. गेले काही मोसम मी हे काम करतेय, आणि माझं मत असं झालंय की स्किपची खरी परीक्षा त्या दोन बाऊलच्या आधी, नुसतं उभं राहण्यात होते.

आमचा क्लब मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात आहे. उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, शनिवारी पेनंट चालतो: क्लबाक्लबांतले साखळी सामने. सांगलीच्या माझ्या धाकट्या दिरांनी व्हिडिओ कॉलवर एकदा हे सगळं बघितलं आणि "म्हणजे म्हातारपणीच्या गोट्याच की हो, वहिनी," असा निकाल दिला. फारसं चुकलं नाही त्यांचं. फक्त ही गोटी दीड किलोच्या आसपास भरते आणि सरळ जात नाही.

बाऊलची घडणच अशी केलेली असते की त्याला एका बाजूला ओढ राहते. ती बाजू ओळखायला तिच्यावर लहान चिन्ह असतं. बाऊल उलटा धरून टाकला तर तो शेजारच्या रिंकात, म्हणजे बाजूच्या सामन्याच्या पट्टीत, जाऊन पडतो आणि पुढचा आठवडाभर कुणी ना कुणी त्याची आठवण काढतं. हातातून सुटताना बाऊल सरळ निघतो, वेग मंदावला की वळायला लागतो, आणि थांबता थांबता सगळ्यात जास्त वळतो. त्यामुळे जॅकवर नेम कुणी धरत नाही. जॅकच्या बाजूला मोकळ्या गवतावर नेम धरायचा आणि बाऊल वळून येईल असा भरवसा ठेवायचा. किती बाजूला, हे हिरवळीवर अवलंबून. हिरवळीचा वेग सेकंदांत मोजतात: मॅटपासून २७ मीटरवर थांबणाऱ्या बाऊलला किती वेळ लागला. इंग्लंडच्या ओलसर गवतावर दहा-बारा सेकंद, आमच्याकडे उन्हाने वाळलेल्या हिरवळीवर चौदा-पंधरा. आकडा मोठा तर हिरवळ वेगवान, हे नव्या माणसाच्या डोक्यात लवकर शिरत नाही. वेगवान हिरवळीवर हलकासा धक्का पुरतो, बाऊल रमतगमत जातो आणि रमतगमत जाणारा बाऊल जास्त वळतो. सकाळी बारा सेकंदांची असलेली हिरवळ दुपारी ऊन लागल्यावर चौदाची होते. ते बदललेलं गणित मॅटवरच्या तिघांना कळवत राहणं, हे जॅकमागे उभ्या असलेल्या माणसाचं काम.

क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. डब्ल्यू. जी. ग्रेस उतारवयात या खेळाला लागले होते. इंग्लिश बोलिंग असोसिएशन १९०३ साली स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष, आणि इंग्लंडच्या बाऊल्स संघाचे कर्णधारही. क्रिकेटमधली त्यांची ख्याती पाहता जॅकमागे गप्प उभे राहत असतील असं काही वाटत नाही. मेलबर्नमध्ये विंडसर भागातला क्लब १८६४ पासूनचा, आणि व्हिक्टोरियातल्या बायकांनी १९०७ साली स्वतःची संघटना काढली होती. आता आमच्यासारख्या क्लबांत पुरुष आणि बायका एकाच चौकडीत खेळतात.

माझ्या चौकडीत लीड आहे तो ऐंशी ओलांडलेला प्लंबर. सेकंड शाळेत गणित शिकवते. स्कोअरकार्ड तिच्याकडे असतं आणि त्यात खाडाखोड चालत नाही. थर्ड निवृत्त ट्रामचालक. तो स्वतः बरीच वर्षं स्किप होता, गुडघ्यांनी त्रास दिला म्हणून जबाबदारी सोडली. निवड समितीने त्याच्या जागी माझं नाव लावलं तेव्हा क्लबात थोडी कुजबुज झाली होती. ती त्यानेच थांबवली. कशी, ते मला त्याने कधी सांगितलं नाही.

नोकरीत माझ्या हाताखाली माणसं होती. त्यांना पगार होता, मला अधिकार होता, आणि एखाद्याला दोन शब्द सुनवायची वेळ आली तर दार लावून घेता येत होतं. इथं सगळे वर्गणी भरून, स्वतःच्या मर्जीने, सुट्टीच्या दिवशी आलेले. वरून दोघं मला वडिलांसारखे. सांगलीत वाढलेल्या बाईला ऐंशीच्या माणसाला नावाने हाक मारायचीच मुळात सवय नाही, आणि त्याला "आखूड पडतोय, दीड मीटर वाढव" असं मैदानभर ऐकू जाईल असं सांगायची तर नाहीच नाही. तो मला "लव्ह" म्हणतो, दोन नातवंडांच्या आजीला. मी त्याला नावाने हाक मारते आणि मनातल्या मनात पुढे "काका" जोडते. त्याने जमून जातं.

उभं राहण्याबद्दल. दोन्ही संघांचे स्किप एकाच टोकाला असतात, त्यामुळे समोरच्या संघाचा कर्णधार अगदी हाताच्या अंतरावरून बघायला मिळतो. गेल्या मोसमात एका सामन्यात माझ्या शेजारी जो उभा होता तो खेळाडू म्हणून माझ्यापेक्षा पुष्कळ सरस. त्याच्या लीडचा पहिला बाऊल आखूड पडला, तेव्हा त्याने फक्त कंबरेवरचे हात खाली सोडले. दुसराही आखूड पडला तेव्हा त्याने पाठ फिरवली आणि शेजारच्या रिंकात काय चाललंय ते बघू लागला. बोलला एक शब्दही नाही. पण मॅटवरून त्याचा लीड ते बघत होता, कारण मॅटवर बाऊल टाकून झाल्यावर माणसाला स्किपकडे बघण्याशिवाय दुसरं कामच नसतं. पुढच्या एंडला त्या लीडने आखूड पडायच्या भीतीने दोन्ही बाऊल जॅकच्या पार मागे, हिरवळीच्या कडेच्या खंदकापर्यंत नेले. मग सेकंडनेही. तासाभरात ते चौघं एकमेकांशी बोलेनासे झाले. त्यातला एकही जण त्या दिवशी वाईट खेळाडू नव्हता.

स्किपचं अंग बोलतं. तीस मीटरवरून चेहरा नीट दिसत नाही, खांदे दिसतात. म्हणून मी हात पाठीमागे बांधत नाही, कंबरेवर ठेवत नाही. बाऊल येताना त्याच्याबरोबर चार पावलं चालते, थांबला की तो किती अंतरावर आहे ते दोन हातांनी दाखवते. अंतर मीटरभर असेल तर मीटरभरच. खूश करायला अर्धा मीटर दाखवायचा नाही. मॅटवरचा माणूस त्या दोन हातांवर विसंबून पुढचा बाऊल टाकणार असतो. इथं वाईट बाऊलला सगळे सरसकट "अनलकी" म्हणतात. माझ्या लीडला ते ऐकवत नाही. "दैव कुठून आलं, मीच ढेपाळलो," म्हणतो. त्याला हवं असतं ते अंतर, आणि जमलं तर त्या पडलेल्या बाऊलचा काही उपयोग.

उपयोग बहुधा असतोच. जॅकच्या दीड मीटर मागे गेलेला बाऊल त्या क्षणी वाया गेलेला दिसतो. पण पुढे कुणी तरी जॅकला धक्का मारतं, जॅक मागे सरकतो, आणि तो वाया गेलेला बाऊल एकदम सगळ्यात जवळचा ठरतो. समोरच्यांचे दोन बाऊल मागे पडले असतील तर माझाही एक तिथं असलाच पाहिजे, हा हिशेब मी पहिल्या बाऊलपासून करत असते. म्हणून लीडचा बाऊल लांब गेला की मी त्याला बोटाने ती जागा दाखवते आणि मान डोलावते. हे खोटं समाधान नसतं. आखूड पडलेला बाऊल मात्र क्वचितच कामाला येतो, वाटेत उभा राहून आपल्याच माणसांची अडचण करतो. "लांब गेला तर चालेल, आखूड नको," हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की सेकंड आता मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवते.

डावपेच म्हणजे लोकांना वाटतं स्किप काही तरी गुंतागुंतीचा फटका शोधून काढतो. माझ्या अनुभवात डावपेचाचा मोठा भाग असा, की जो फटका हवा आहे तो आणि जो फटका या माणसाला आज येतो आहे तो, यांतला कुठला मागायचा हे ठरवणं. माझी सेकंड बॅकहँडला सुरेख टाकते आणि फोरहँडला कचरते. एखाद्या एंडला फोरहँडचीच वाट मोकळी असते. पुस्तकाप्रमाणे मी तिला फोरहँड सांगायला हवं. मी तिला बॅकहँड सांगते, अर्धा मीटर लांबचा, आणि ती तो तिथं आणून ठेवते. जॅकच्या जवळचा नसेना का, हेडमध्ये, म्हणजे जॅकभोवती जमलेल्या बाऊलांत, आमचा एक वाढलेला असतो आणि सेकंडची मान ताठ राहिलेली असते. फोरहँडचा सराव मंगळवारी संध्याकाळी. पेनंटच्या मधोमध कुणी कुणाला शिकवू नये.

गेल्या उन्हाळ्यातला एक शनिवार सविस्तर सांगते. मेलबर्नच्या उन्हाळ्याचा स्वभाव असा, की सकाळपासून उत्तरेकडून वाळवंटातला कढत वारा येतो, आणि कधी तरी दुपारी नैर्ऋत्येकडून समुद्रावरचा गार वारा एकाएकी घुसतो. अर्ध्या तासात घामाचे कपडे अंगाला गार लागायला लागतात. आमची हिरवळ उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे ज्या एंडला वारा पाठीशी होता त्याच एंडला तो आता तोंडावर, वर तिरका. पश्चिमेकडून ढकलणाऱ्या वाऱ्यामुळे एका हाताचा बाऊल वळायचाच थांबतो आणि दुसऱ्या हाताचा नको तेवढा वळतो. तोवर बसवलेलं सगळं गणित गेलं.

आम्ही थोडे पुढे होतो. वारा फिरल्यावर पहिल्याच एंडला दोन्हीकडचे बाऊल वाटेल तिथं गेले, आणि त्या गोंधळात आमचा एक जॅकच्या जवळ राहिला. एक गुण मिळाला, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की पुढच्या एंडला मॅट आमच्या हातात आली. एंड जिंकणारा पुढचा एंड सुरू करतो: मॅट कुठं ठेवायची, जॅक किती लांब टाकायचा, हे तो ठरवतो. शेवटचा बाऊल मात्र हरलेल्याला मिळतो. हे देणंघेणं मला फार आवडतं. जिंकण्याची किंमत लगेच मोजून घेतात.

मी लीडला मॅट पुढे घ्यायला सांगितली आणि दोन्ही हात खाली करून आखूड जॅकची खूण केली. आखूड टप्प्याला बाऊल हवेच्या तावडीत कमी वेळ राहतो, हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही: उन्हात तीन तास काढलेल्या ऐंशीच्या माणसाच्या खांद्याला लांबचा टप्पा आता झेपत नव्हता, आणि त्याने ते मरेपर्यंत कबूल केलं नसतं. जॅक मॅटपासून निदान २३ मीटर जावा लागतो. जरा कमी पडला तर जॅक टाकायचा हक्क समोरच्यांकडे जातो, आणि ते तो मुद्दाम पार लांब टाकणार. लीडने जॅक सोडला. माझ्याकडे येता येता तो मंदावला, बाजूच्या खुणेशी रेंगाळला आणि एका वितीने ती ओलांडून थांबला. लीडने लांबून अंगठा वर केला. मला तर वाटतं त्याला माझं दुसरं कारणही कळलं होतं.

त्यानंतरचे काही एंड आम्ही त्या आखूड टप्प्यावर खेळलो. समोरच्या स्किपने जुनाच हात धरून ठेवला होता; त्याचे बाऊल वाऱ्याने उचलून नेले जात होते. त्याने मॅट मिळताच टप्पा लांबवला आणि दोन एंड वसूलही केले. शेवटी आमचा रिंक, म्हणजे आमची चौकडी, थोडक्यात जिंकली. वारा पुन्हा पडला असता तर निकाल काय लागला असता, सांगता येत नाही.

पेनंटमध्ये एकट्या रिंकच्या जिंकण्याला थोडे गुण असतात, क्लबाच्या सगळ्या रिंकांच्या एकूण बेरजेला जास्त. हे कळल्यावर स्किपचं डोकं वेगळं चालायला लागतं. असाच एक एंड. मी मॅटवर आले तेव्हा जॅकभोवती समोरच्यांचे तीन बाऊल, आमचा सगळ्यात जवळचा चौथा. माझे दोन बाऊल बाकी. थर्डशी वाटेत गाठ पडते. तो मॅटवरून हेडकडे चाललेला, मी हेडकडून मॅटकडे. तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचं. तो म्हणाला, "ड्राइव्ह मारायचा मोह होणार तुला." ड्राइव्ह म्हणजे पूर्ण ताकदीने हाणलेला बाऊल. लागला तर तिन्ही उधळतील, जॅक बाहेर गेला तर एंडच रद्द. चुकला तर तीन गुण गेले. शेजारच्या बाकांवरची मंडळी ड्राइव्हसाठीच बसलेली असतात. लागो न लागो, टाळ्या पडतात.

पहिल्या बाऊलला मी जॅकच्या उजवीकडची मोकळी फट धरली. त्यांच्या पहिल्या बाऊलला हरवण्याचा विचारच केला नाही, दुसऱ्याच्या आत शिरायचं एवढंच. बाऊल त्या दोघांच्या मधे येऊन टेकला. तीनाचा एक झाला. दुसरा बाऊल मी मागे, जॅकच्या एक मीटर पलीकडे नेऊन ठेवला, कारण समोरच्या स्किपचा शेवटचा बाऊल अजून बाकी होता आणि त्याने जॅक मागे नेला असता तर तिथं आमचं कुणी नव्हतं. त्याने काही केलं नाही, बाऊल लांबून गेला. स्कोअरकार्डावर त्या एंडपुढे समोरच्यांचा एक गुण लिहिलाय. वाचलेले दोन कुठंच लिहिलेले नाहीत, आणि बाकांवरून एक टाळी पडली नाही. सामन्याचा तो सगळ्यात चांगला एंड होता असं थर्डचं मत, आणि माझंही.

धीर धरायचा म्हणजे हातावर हात धरून बसायचं असं या खेळात नाही. एक गुण द्यायचा निर्णय हाही फटकाच असतो, आणि तो हातातून सोडताना ड्राइव्हपेक्षा जास्त बोटं थरथरतात. तरुण खेळाडूंना हे पटत नाही. पटायची घाईही नसावी, माझ्या सेकंडने एखाद्या एंडला "मारू का?" म्हणून विचारलं आणि हेडमध्ये आमचं फारसं काही पणाला लागलेलं नसलं, तर मी "मार" म्हणते. दाबून ठेवलेली हौस भलत्या एंडला उफाळून येण्यापेक्षा हे बरं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. लॉन बाऊल्सचे सामने लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कवर होते. भारताच्या चौघीजणी महिलांच्या फोर्समध्ये उपांत्य फेरीत गेल्या तेव्हा क्लबातल्या लोकांनी मला फोन करून "तुमच्या मुली बघतेस ना?" म्हणून विचारलं. लवली चौबे लीड, पिंकी सेकंड, नयनमोनी सैकिया थर्ड आणि रूपा रानी तिर्की स्किप. लवली आणि रूपा रानी झारखंडच्या, नयनमोनी आसामची, पिंकी दिल्लीतल्या शाळेत खेळ शिकवणारी. नयनमोनी आधी वेटलिफ्टर होती, रूपा रानी कबड्डीपटू. पंधरा एंडांचे सामने. उपांत्य फेरीत न्यूझीलंडविरुद्ध त्या सुरुवातीलाच ०-५ ने मागे पडल्या, आणि शेवटच्या एंडला उभ्या राहिल्या तेव्हाही १२-१३ ने मागेच होत्या. तो एंड त्यांनी चार गुणांनी घेतला, १६-१३. अंतिम सामना २ ऑगस्टला दक्षिण आफ्रिकेशी. तिथं उलटं: ८-२ ची आघाडी गेली आणि गुणफलक ८-१० झाला. इथं घरात आमचे हे उठून चहा करायला गेले, त्यांना बघवेना.

मी स्किपच्या खांद्यांकडे बघत होते. आठावरून पुढे सरकेना अशा वेळी माणूस काही तरी भव्य करायला जातो. तिर्कीने तसं काही केलं नाही. तेच हात, तोच ड्रॉ, म्हणजे जॅकजवळ अलगद आणून ठेवलेला बाऊल. १७-१० ने जिंकल्या. राष्ट्रकुल स्पर्धांत भारताचं लॉन बाऊल्सचं ते पहिलं पदक, आणि तेच सुवर्ण. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी आठ-दहा दिवस कौतुक केलं, मग सगळं पूर्ववत झालं.

शेवटी थर्डबद्दल, कारण स्किपवर लिहिताना त्याला विसरतात. माझा शेवटचा बाऊल थांबला की मी हेडपासून तीस मीटर लांब असते. कुणाचे किती, हे दोन्ही थर्ड मिळून ठरवतात. जवळजवळचे असले तर टेप निघतो. त्यात स्किपने तोंड घालायचं नसतं. मी मॅटपाशी उभी राहून दोन वाकलेल्या पाठी बघते. आमच्या थर्डने आजवर एकदाही मिळत नसलेला गुण ओढून आणलेला नाही, आणि मिळत असलेला सोडलेला नाही. एकदा त्याने आमच्या धरलेल्या बाऊलकडे बोट दाखवून समोरच्याला सांगितलं, "हा गुण तुमचा आहे, माझ्या डोळ्यांना दिसतोय, मोजू नका." आम्ही तो सामना हरलो. परतताना गाडीत कुणी त्याबद्दल काही बोललं नाही, आणि पुढच्या शनिवारच्या फळ्यावर आमची चौकडी तशीच होती.

तो मला डावपेचांत सल्ला देतो, पण विचारल्यावरच. माझा निर्णय त्याला पटला नाही तर वाटेतल्या भेटीत एकदा सांगतो, आणि मी तरीही तोच धरला तर हेडपाशी जाऊन असा उभा राहतो की जणू तो त्याचाच निर्णय होता. माझ्या मते स्किप होण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि निवड समित्यांनी स्किप निवडण्याआधी थर्ड निवडावा.

मेलबर्न, सिडनी, ऑकलंडकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सांगायचंय. तुमच्या उपनगरातही बहुधा असा एखादा क्लब असेल, आणि त्याला माणसं हवी असतील. बाऊल क्लबच देतो, तुम्हाला फक्त सपाट तळव्यांचे बूट लागतील. वयाची अट नाही. गेल्या गेल्या कुणी स्किप करायला निघालं तर नको म्हणा. निदान दोन मोसम लीड म्हणून खेळा, आणि तीस मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे नीट बघत राहा.